दिसले तेवढेच लिहा

गेल्या जानेवारीत आपल्या शाळेचे ४४ कॅडेट गिधवा-परसदाच्या जलाशयांवर पक्षी पाहायला गेले होते. त्या सहलीची छायाचित्रे आणि वृत्तांत या अंकाच्या हिंदी व इंग्रजी पानांवर आहेतच. मराठी पानावर मला त्याच सहलीबद्दल थोडे वेगळे लिहायचे आहे. त्या दिवशी तयार झालेल्या आपल्या यादीत एक नोंद खोटी होती. ती तिथे कशी आली, तिची जबाबदारी कोणाची आणि पुढच्या सहलीत आपण काय बदलावे, याबद्दल माझे मत मी मांडणार आहे. आधीच सांगतो, पहिली जबाबदारी माझी आहे, कारण स्पर्धेचा नियम मी केला होता.

ज्या पालकांना हा भाग परिचित नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की सिमगा मागे पडते आणि पुढे नांदघाटच्या बाजूला बेमेतरा जिल्ह्यातली गिधवा आणि परसदा ही गावे येतात. आजूबाजूला हरभरा आणि लाखोळीची शेते, आणि मध्ये पसरलेले उथळ पाण्याचे तलाव. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके इथे उतरतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२१ या तीन दिवसांत छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव इथेच भरला होता. ‘हमर चिरई, हमर चिन्हारी’ असे त्याचे नाव होते, म्हणजे आपले पाखरू, आपली ओळख. ज्यांचे घर गोंदिया-भंडाऱ्याकडचे आहे, त्यांना हे तलाव पाहून नवेगावबांधची आठवण होईल. आमच्या बसमधल्या दोन कॅडेटना ती झालीच.

पहाटे साडेचारला बस निघाली. निघण्यापूर्वी मी सूचना दिल्या. भडक कपडे नकोत, आवाज नको, काठावरून पाण्याकडे धावायचे नाही. चार हाऊसची चार पथके केली, प्रत्येकी अकरा जणांची. दुर्बिणी एकूण नऊ आणि टेलिस्कोप एक. आणि शेवटी, मुलांचा उत्साह वाढावा म्हणून, मी एक वाक्य बोललो, “जास्तीत जास्त जाती नोंदवणाऱ्या हाऊसला गुण मिळतील. एका जातीला एक गुण.” त्या वेळी मला हे वाक्य अगदी निरुपद्रवी वाटले होते.

धुके साडेसातच्या सुमारास विरले आणि पाणी दिसू लागले. तलवार बदकांचा मोठा थवा मध्यभागी होता, त्यांच्या शेपटीची लांब पिसे साध्या डोळ्यांनाही कळत होती. कडेला काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पोहत होते. शेकाट्यांच्या लाल काड्यांसारख्या तंगड्या, पाणकावळ्यांचे पंख पसरून बसणे, टिबुकलीचे बुडणे आणि भलतीकडेच वर येणे, हे सगळे पहिल्या अर्ध्या तासात मुलांनी पाहिले. एनसीसीच्या फील्डक्राफ्टच्या तासाला जे फळ्यावर शिकवतो, ते इथे आपोआप कामाला आले. “त्या सुक्या बाभळीच्या उजवीकडे, दोन वाजता, पाण्याच्या कडेला” असे सांगितले की अकराही जणांच्या नजरा एकाच पक्ष्यावर जात होत्या. वस्तू का दिसते आणि का दिसत नाही, तर आकार, सावली, चकाकी, हालचाल यांमुळे, हेही मुलांना नव्याने सांगावे लागले नाही. स्थिर बसलेली पाणलावी त्यांना दिसली नाही, ती हलली तेव्हाच दिसली.

गावातले एक वयस्क गृहस्थ आमच्याबरोबर काठाने चालत होते. मुले त्यांना तिथल्या पद्धतीने ‘कका’ म्हणू लागली. या काठावर त्यांचे सारे आयुष्य गेलेले. कोणता पक्षी कधी येतो, कोणता गवतात अंडी घालतो, कोणता फक्त रात्री चरायला शेतात जातो, हे ते सहज सांगत होते. पण मुलांनी लांबच्या एखाद्या ठिपक्याकडे बोट दाखवून विचारले की ते कपाळावर हात धरून नीट पाहत आणि बऱ्याचदा एवढेच म्हणत, “नइ जानँव, बेटा.” ठाऊक नाही, बेटा. मला आठवते, तेव्हा एका पथकप्रमुखाच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. ककांना ठाऊक नसेल तर गुण कसा मिळायचा?

साडेआठनंतर पथकांची चाल वाढली. मी लांबून पाहत होतो आणि मला तो उत्साह वाटला. एक पथक अधिक जवळून पाहता यावे म्हणून बांध सोडून खाली चिखलात उतरले आणि गवताच्या आडोशाला बसलेला अडईंचा थवा एकदम शिट्ट्या घालत उठला. त्यांच्यामागे तलवार बदकेही उडाली. सारे तलावभर फिरत राहिले. कका काही बोलले नाहीत. ते जागच्या जागी उकिडवे बसले आणि पक्षी पुन्हा पाण्यावर टेकेपर्यंत उठले नाहीत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला हिवाळ्यात खाणे आणि विश्रांती हीच शिदोरी असते. आपण त्याला उगाच उडवतो तेव्हा परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद खर्च करायला लावतो. हे मी त्या दिवशी बसमध्ये मुलांना सांगितले. पण ती मुले चिखलात का उतरली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी याद्या आल्या. चार पथकांच्या नोंदी होत्या ६१, ४४, ३९ आणि ३३ जातींच्या. माझ्या स्वतःच्या वहीत ४१ होत्या. मी काठावर सर्वांत जास्त वेळ होतो आणि टेलिस्कोप माझ्याजवळ होता. तरीही ६१चा आकडा पाहून मला शंका आली नाही, उलट अभिमान वाटला. सकाळच्या संमेलनात निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या. त्या यादीत एक ओळ होती, “सारस – २”. माझ्या डोळ्यांना न दिसलेली सारसाची जोडी मुलांना दिसली, याचे मी चार लोकांत कौतुकही केले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, प्रेप संपल्यावर, विजेत्या पथकातला आठवीचा एक कॅडेट माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटले तरी आला नाही. म्हणाला, “सर, सारस आम्ही पाहिला नाही.”

मी त्याला बसवले आणि हळूहळू सगळे बाहेर आले. पलीकडच्या काठावर दोन उंच, करडे पक्षी उभे होते. अंतर फार होते. कोणीतरी म्हणाले, “सारस असतील का?” लिहिणाऱ्याने वहीत “सारस?” असे लिहिले. बसमध्ये यादी स्वच्छ अक्षरात उतरवताना ते प्रश्नचिन्ह गळाले. मग पुस्तकातली चित्रे पाहून आणखी काही नावे ‘बहुतेक दिसलेच असतील’ म्हणून आली. काही नावे दुसऱ्या पथकाच्या बोलण्यातून कानावर पडली होती, तीही आली. खोटे बोलायचे असे कोणीच ठरवले नव्हते. एकेका मुलाने एकेक पाऊल पुढे टाकले आणि यादी ६१वर जाऊन पोहोचली. ते दोन करडे पक्षी राखी बगळे असावेत असा माझा अंदाज आहे. पण मीही ते पाहिले नाहीत, म्हणून माझा अंदाजही यादीत लिहिण्याच्या लायकीचा नाही.

त्या मुलाने जे केले त्याची किंमत त्याला ठाऊक होती. हाऊसचे गुण जाणार होते. एकाच डॉर्मिटरीत त्याच दहा जणांबरोबर त्याला राहायचे होते. पुढचे काही दिवस जेवणाच्या टेबलावर त्याच्याशी कोणी फारसे बोलले नाही, हे मला नंतर कळले. लष्करी शाळेत शिकलेल्या कोणालाही हे एकटेपण काय असते ते वेगळे सांगायला नको. त्या मुलावर ती वेळ माझ्या नियमाने आणली, आणि म्हणूनच हा लेख लिहिणे मला भाग आहे.

मी संमेलनात निकाल मागे घेतला. चारही हाऊसचे गुण रद्द केले. शिक्षा कोणालाच केली नाही आणि त्या मुलाचे नावही घेतले नाही. त्यानंतर दोन-तीन प्रकारचे आक्षेप माझ्यापर्यंत आले. ते सर्व प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप एका सहकारी प्रशिक्षकांचा. त्यांचे म्हणणे, “स्पर्धा हा आपल्या शाळेचा कणा आहे. अडथळ्यांची शर्यत, ड्रिल, वादविवाद, सगळीकडे हाऊस एकमेकांशी झुंजतात म्हणूनच मुले घडतात. एका यादीत गडबड झाली म्हणून स्पर्धेलाच दोष का?” मी स्पर्धेच्या विरोधात नाही. पण अडथळ्यांच्या शर्यतीत घड्याळ दुसऱ्याच्या हातात असते आणि भिंत ओलांडली की नाही हे शंभर जण पाहतात. पक्षी पाहताना धावणाराही मीच, घड्याळ लावणाराही मीच आणि साक्षीदारही मीच. जिथे साक्षीदार स्वतःच स्पर्धक असतो, तिथे आकड्याला बक्षीस लावणे म्हणजे सत्याच्या विरुद्ध बाजूला वजन टाकणे. स्पर्धा हवीच असेल तर ती वेगळी ठेवता येईल. दोन पथकांनी तलावाचा एकच भाग, एकमेकांशी न बोलता, स्वतंत्र मोजावा. ज्यांचे आकडे एकमेकांशी सर्वांत जास्त जुळतील त्या दोघांचे कौतुक करावे. अशा स्पर्धेत फुगवलेला आकडा जिंकूच शकत नाही.

दुसरा आक्षेप एका पालकांचा, फोनवर आलेला. “मुलांनी चुकीचे लिहिले आणि तुम्ही शिक्षा केली नाही. उद्या ही मुले अधिकारी होणार. मग त्यांना शिस्त कोण लावणार?” या पालकांची काळजी मला समजते. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. चुकीचा अहवाल देणे ही एक गोष्ट, आणि चूक कळल्यावर स्वतः येऊन अहवाल दुरुस्त करणे ही दुसरी. मी त्या संध्याकाळनंतर पथकाला शिक्षा केली असती, तर बाकी ४३ जणांनी एकच धडा घेतला असता, की सांगायला जाऊ नये. ज्या तुकडीत वाईट बातमी वर न्यायला सैनिक घाबरतो, तिच्या कमांडरला परिस्थिती सर्वांत शेवटी कळते. निकाल रद्द होणे ही त्या पथकाला पुरेशी शिक्षा होती, आणि ती माझ्यासकट सर्वांना झाली.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलले नाही, पण अनेकांच्या मनात असावा. एवढे काय त्यात? पाखरेच तर होती. याला मला जरा सविस्तर उत्तर द्यायचे आहे, कारण त्याची गोष्ट याच मुलखात सुरू होते आणि महाराष्ट्रात संपते. आणि तिच्यात एक लष्करी अधिकारीही आहे.

रायपूरच्या पूर्वेला, आजच्या महासमुंद जिल्ह्यात, बसना-फुलझरचा परिसर आहे. डिसेंबर १८७२ मध्ये तिथे एफ. आर. ब्लेविट यांना एक लहान घुबड मिळाले. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. आपण मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतो. त्यानंतर आणखी मोजकेच नमुने मिळाले, त्यांतले काही खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने गोळा केलेले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी खात्रीने कोणालाच मिळाला नाही. अपवाद फक्त एक. १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी इथे आपण एक रानपिंगळा मिळवला, अशी नोंद एका नमुन्याच्या चिठ्ठीवर होती. ती नोंद होती कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांची.

हे कर्नल काही लहान असामी नव्हते. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या आघाडीवर त्यांनी गुप्तवार्ता विभागात काम केले होते. पक्षीशास्त्रात त्यांचा दबदबा होता. १९३७ मध्ये आपले सलीम अलीही त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? ती चिठ्ठी सगळ्यांनी खरी मानली आणि रानपिंगळा शोधणाऱ्यांची नजर चुकीच्या जागेकडे वळली. पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले जुने नमुने एकेक करून बारकाईने तपासले, तेव्हा उघड झाले की तो नमुना कर्नलांचा नव्हताच. डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला नमुना संग्रहालयातून उचलून, नव्याने सजवून, त्याला खोटी जागा आणि खोटी तारीख लावली होती. खोटी नोंद बाजूला काढल्यावर उरल्या त्या खऱ्या जुन्या जागा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी अशाच एका जागी गेले. तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी तो पुन्हा सापडला. आज मेळघाटातही त्याचा अभ्यास होतो.

११३ वर्षे तो पक्षी जिवंत होता. त्याचे जंगल मात्र त्या काळात कमी होत गेले. खोट्या चिठ्ठीमुळेच सगळा उशीर झाला असे मी म्हणणार नाही. पण ज्यांनी शोध घेतला त्यांना तिने भलतीकडे पाठवले, एवढे नक्की. युद्धात शत्रूची दिशाभूल करणे हे सैनिकाचे काम असू शकते. आपल्याच माणसांना द्यायच्या अहवालात दिशाभूल करणे हे कधीच त्याचे काम नसते. दोन्हींमधली रेघ ज्या अधिकाऱ्याला दिसेनाशी होते, त्याचे शौर्य आणि त्याची पदके दोन्ही संशयाच्या छायेत जातात. मायनर्ट्झहागेन यांच्या बाकीच्या संग्रहाकडेही आज अभ्यासक याच संशयाने पाहतात. त्यातल्या खऱ्या नोंदी कोणत्या, हेच आता सांगणे कठीण.

आपली “सारस – २” ही नोंद त्या चिठ्ठीएवढी मोठी नाही. पण तिची जात तीच आहे. १९८७ पासून आपल्या उपखंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. ती बहुतांशी तुमच्या-आमच्यासारखे हौशी लोकच करतात. रामसर कराराखाली एखाद्या पाणथळ जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्व देताना जे निकष पाहतात, त्यांतला एक असा की एखाद्या जातीच्या एकूण समूहापैकी किमान १ टक्का पक्षी तिथे नियमितपणे असावेत. दुसरा, २०,००० किंवा त्याहून अधिक पाणपक्षी तिथे नियमितपणे असावेत. हे आकडे आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी थंडीत काठावर उभे राहून मोजलेले असतात. डिसेंबर २०२५ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातला कोपरा जलाशय छत्तीसगडचे पहिले रामसर स्थळ ठरला. महाराष्ट्रात तो मान त्याआधीच नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला मिळाला होता. अशा प्रत्येक जागेमागे वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात. नोंदी फुगल्या तर ज्या तलावाला मदत हवी तो सुस्थितीत दिसतो. आणि एकदा एक नोंद खोटी निघाली की त्या काठावर मोजलेल्या खऱ्या पक्ष्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आपल्या ६१च्या यादीत चाळीसेक नोंदी नक्कीच खऱ्या होत्या. मुलांनी त्या कष्टाने मिळवल्या होत्या. एका सारसाने त्या सगळ्या बुडवल्या.

आता पुढे काय करावे, याबद्दल माझ्या काही सूचना आहेत. त्या मी लेखी दिल्या आहेतच, इथे पालक आणि कॅडेट यांच्यासमोर ठेवतो.

पहिली, सहलीच्या नोंदवहीत चार रकाने असावेत. ‘पाहिले’, ‘फक्त ऐकले’, ‘दुसऱ्याने सांगितले’ आणि ‘ओळख पटली नाही’. गस्तीवरून परतलेला सैनिक आपण काय पाहिले आणि त्यावरून काय अंदाज केला हे वेगवेगळे सांगतो. तीच सवय इथे लागेल.

दुसरी, ‘ओळख पटली नाही’ हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. काही जणांना वाटते की असा रकाना म्हणजे आळशी मुलांची पळवाट. तो तसा होऊ नये म्हणून त्यात वर्णन लिहिणे सक्तीचे हवे. आकार कोणत्या ओळखीच्या पक्ष्याएवढा, चोच कशी, पाय कसे, काय करत होता, अंदाजे किती अंतरावर, उजेड कुठून येत होता. नाव लिहायला एक क्षण पुरतो. न ओळखलेल्या पक्ष्याचे वर्णन लिहायला त्याच्याकडे पाच मिनिटे पाहावे लागते. निरीक्षण शिकायचे असेल तर ते त्या पाच मिनिटांतच शिकता येते.

तिसरी, यादी काठावरच पूर्ण व्हावी. बसमध्ये आणि डॉर्मिटरीत तिच्यात भर घालायची नाही. पुस्तक पाहून नाव पक्के केले, तर ते वेगळ्या शाईने, तारीख घालून लिहावे. मूळ प्रश्नचिन्ह खोडू नये.

चौथी, जातींच्या संख्येला गुण नसावेत. बांध सोडून खाली उतरायचे नाही, हा नियम मात्र पक्का असावा, आणि तो मोडला तर शिक्षाही असावी. माझ्या मते त्या दिवशी शिक्षेला पात्र कोणी असेल तर तो थवा उडवणारे पथक आणि त्यांना त्या घाईत लोटणारा मी.

पाचवी सूचना पुढच्या सहलीच्या तारखेची. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. चितमपल्ली वन अधिकारी होते. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी अनेक वर्षे काढली, आणि तिथल्या कोळ्यांकडून, आदिवासींकडून पाखरांची नावे आणि सवयी ते विद्यार्थ्यासारखे शिकले. गणवेशातल्या माणसाने ज्ञानासाठी गावकऱ्याजवळ बसण्यात कमीपणा नसतो, हे त्यांच्या आयुष्यातून कॅडेटनी घ्यावे. नोव्हेंबरात पाहुणे पक्षी नुकतेच येऊ लागलेले असतात, गर्दी कमी असते. एकेका पक्ष्याकडे निवांत पाहायला ते दिवस चांगले.

आणि त्या सहलीत ककांना आपण वाट दाखवण्यापुरते नव्हे, तर शिक्षक म्हणून बोलवावे, असे मला वाटते. त्या दिवशी काठावर असलेल्या सर्वांत त्यांनाच सर्वांत जास्त ठाऊक होते. आणि ‘नइ जानँव’ हे सर्वांत जास्त वेळा तेच म्हणाले. या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या हा योगायोग नाही. ज्याला आपले ज्ञान कुठवर पोहोचते ते नेमके ठाऊक असते, त्यालाच पुढचे ठाऊक नाही म्हणायची लाज वाटत नाही. आपल्या शाळेत आपण ‘येस सर’ म्हणायला शिकवतो, ‘नो सर’ म्हणायलाही शिकवतो. ‘ठाऊक नाही, सर’ हे ताठ मानेने म्हणायला आपण पुरेसे शिकवत नाही, असे माझे मत झाले आहे. उद्या यांच्यातलाच एखादा अधिकारी नकाशावर बोट ठेवून “पलीकडच्या टेकडीवर दोन हालचाली दिसल्या, ओळख पटली नाही” असे सांगेल. त्या वाक्यावर त्याच्या मागे उभ्या असलेल्या तीस जणांचे प्राण अवलंबून असतील. त्या जागी त्याने अंदाजाने नाव घालू नये, याची सवय जलाशयाच्या काठावर, पाखरांवर लावलेली बरी. इथे चूक झाली तर फार तर गुण जातात.

त्या आठवीच्या कॅडेटबद्दल एवढेच सांगतो. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच्याच पथकाच्या प्रमुखाने मला सुधारलेली यादी आणून दिली. अकराही जणांनी बसून एकेक नाव तपासले होते आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी पाहिले त्याची आद्याक्षरे होती. जाती उरल्या ३७. शेवटच्या ओळीत लिहिले होते, “दोन उंच करडे पक्षी, पलीकडचा काठ, अंतर फार, ओळख पटली नाही.” त्या ओळीपुढे अकरा जणांची आद्याक्षरे होती. ती यादी मी सूचना फलकावर लावली आहे.

पालकांना एक विनंती. पुढच्या सहलीनंतर मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी येईल तेव्हा “किती पक्षी पाहिलेस?” हा प्रश्न आपल्या सर्वांच्या ओठांवर आधी येतो. तो थोडा बाजूला ठेवा. “कोणता ओळखता आला नाही?” असे विचारा, आणि तो कसा दिसत होता ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.